एकेरी जिना

राज्य नवीन झालं तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही आलं. रायपूरला राजधानी मिळाली, पंडरीच्या कापडवाल्यांना सरकारी पडद्यांच्या ऑर्डरी मिळाल्या आणि मला दिवाकर मिळाला. दिवाकर हा माझा मेव्हणा. तो भोपाळला एका सरकारी खात्यात अधिकारी होता. खात्याचं नाव मी घेत नाही, कारण अजून त्याच्याशी संबंध आहेत. त्या खात्याचे दोन तुकडे झाले आणि त्यातल्या लहान तुकड्याबरोबर दिवाकर इकडे आला. बायकामुलं भोपाळलाच राहिली. "क्वार्टर मिळेपर्यंत" असं म्हणून त्याने आमच्या मागच्या खोलीत बॅग ठेवली आणि माझ्या बायकोने, कुसुमने, त्याच्यासाठी नवी मच्छरदाणी आणली. मच्छरदाणी पाहूनच मी मुक्कामाचा अंदाज घ्यायला हवा होता.

मागची खोली म्हणजे आमच्या घरातली एकुलती एक जादा खोली. तिला खिडकी होती, खिडकीत कडुलिंब होता, लागून संडास-बाथरूम होतं आणि दाराला आतून कडी होती. ही कडी फार महत्त्वाची. माझे वडील बाबाराव गोंदियाला एकटे राहत. जन्मभर मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात एकट्याने प्रवास केल्यामुळे त्यांना एकटेपणाची सवय होती, असं ते म्हणत. त्या हिवाळ्यात ते न्हाणीघरात घसरून पडले आणि दूधवाला येईपर्यंत तिथेच पडून होते. हे त्यांनी आम्हाला कळवलं नाही. दूधवाल्याने कळवलं. तेव्हापासून फोन वाजला की मी कुसुमलाच तो उचलायला सांगायचो.

"बाबा, इकडे या राहायला," मी म्हणालो.

"येतो ना," बाबा म्हणाले. "पण मले माही खोली पाहिजे. दाराले आतून कडी पाहिजे. तुह्या हॉलमंदी पडून राहायले मी काही पार्सल नाही."

म्हणजे प्रश्न सोपा होता. दिवाकर निघाला की बाबा येतील. पण बायकोच्या एकुलत्या एक भावाला घराबाहेर काढणं कोणाही संसारी माणसाला जमत नाही. त्याला फार तर खाली सरकवता येतं. आमच्या घराला खाली होतं. हे घर मी ज्या कापडवाल्याकडून घेतलं त्याने साड्या ठेवायला तळघर बांधलं होतं. त्याला एक अरुंद जिना होता, रस्त्याच्या बाजूला पंचाच्या रुंदीचा एक झरोका होता आणि आत खळीचा वास अजून होता. तिथे दिवाकर, मागच्या खोलीत बाबा, असा तो नकाशा. मी विमा कंपनीत आगीचे दावे तपासतो. कोणत्याही घराकडे पाहिलं की ते कसं पेटेल हे मला आधी दिसतं. तळघर पेटण्यासारखं नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होतो.

शेजारचे यशवंतराव पहिल्याच दिवशी माझ्या बोलावण्यावरून पाहणी करून गेले. त्यांचं घराणं भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं. तेव्हापासून या गावात जे काही झालं ते त्यांच्या परवानगीने झालं असा त्यांचा चेहरा असतो. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी खाली काठी आपटली.

"मेव्हण्याले ठेवून राहिले का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हव. मजबूत आहे," ते म्हणाले आणि चहा पिऊन गेले. या भेटीत त्यांनी काय सांगितलं नाही, ते पुढे येईलच.

गोदामाची खोली करायची तर मंजुरी लागते. मंजुरीच्या ऑफिसात तेव्हा टेबलं होती आणि खुर्च्या भोपाळहून निघाल्या होत्या. बाबूने उभ्यानेच माझा अर्ज वाचला.

"तलघर में क्या रखेंगे?"

"आदमी."

"आदमी नहीं रख सकते. अनाज लिख दूँ?"

मी म्हणालो, खोटं लिहिणार नाही. जन्मभर लोकांचे खोटे दावे नाकारून माणसाला एक सवय लागते. बाबूने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि फाइल वर पाठवली. फाइल वर गेली ती थेट दिवाकरच्या टेबलावर. मला वाटलं, चला, काम झालं. संध्याकाळी जेवताना मी दोनदा घसा खाकरला. दिवाकरने दोनदा वरण मागून घेतलं. आठवड्याने फाइल खाली आली. तिच्यावर दिवाकरच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: चर्चा करें.

"अहो, मग करा ना चर्चा," कुसुम म्हणाली. "मागच्या खोलीत बसलाय तो."

मी मागच्या खोलीत गेलो. दिवाकर पेपर वाचत होता. "भाऊजी, ऐसा है," तो म्हणाला, "मैं ऑफिस का काम घर पर नहीं करता. तुम्ही वेळ घेऊन या."

मी अर्धी रजा टाकली, वेळ घेतली, आणि त्याच्या शिपायाने दिलेल्या चिठ्ठीवर नाव लिहून बाकावर बसलो. सकाळी आम्ही दोघांनी एकाच कढईतले पोहे खाल्ले होते. आत गेल्यावर त्याने मला "बैठिए" म्हटलं.

"तलघर में कौन रहेगा?"

"तू."

"संबंधी का पूरा नाम बताइए."

मी सांगितलं. त्याने लिहून घेतलं. मग त्याने विचारलं, "हवा आती है?"

"अरे, काल तूच खाली जाऊन पाहून आलास!"

"वो मैंने घर के आदमी की हैसियत से देखा था," दिवाकर म्हणाला आणि घंटी वाजवून माझ्यासाठी चहा मागवला. मला राग यायला हवा होता. पण त्या टेबलामागे तो इतका नेटका आणि प्रामाणिक दिसत होता की मी खुर्चीत सावरून बसलो आणि त्याला दोनदा सर म्हणालो. झरोका मोठा करावा, भिंतींना ओल येऊ नये आणि ही व्यवस्था तात्पुरती समजावी अशा अटींवर मंजुरी मिळाली. तात्पुरतेपणाची अट मला सर्वांत आवडली.

काम नत्थू मिस्त्रीने घेतलं. नत्थू गुढ़ियारीचा. आत्मविश्वासाने इतका भरलेला माणूस मी आमच्या झोनल मॅनेजरनंतर दुसरा पाहिला नाही. "पानी का बाप नई आही भैया," असं म्हणत त्याने जमिनीवर डांबर ओतलं, डांबरावर जाळी, जाळीवर सिमेंट आणि सिमेंटावर गुळगुळीत लाल फरशी. दिवाकरसाठी आणलेला पलंग अरुंद जिन्यात अडकला आणि अर्धा दिवस तिथेच होता. त्या वेळात खाली असलेला नत्थू खालीच राहिला आणि त्याचं जेवण आम्ही झरोक्यातून दिलं. शेवटी पलंग कापून खाली नेला आणि खाली जोडला. आता तो जन्मात वर येणार नव्हता. मी दिवाकरकडे पाहून हे दोनदा बोललो, पण त्याच्यापर्यंत काही पोचलं नाही.

मग मी गोंदियाला फोन लावला. "बाबा, झाली खोली."

"शांती केली का?"

"कसली?"

"वास्तुशांत बे! नवी खोली झाली, खाली माणूस झोपनार, अन् वास्तुपुरुष नाही बसवला? मंग मी नाही येत. शांतीले येतो, पाहतो, अन् संध्याकाळच्या गाडीनं वापस. खोली बराबर असली तं मंग पाहू."

बाबांनी 'पाहू' म्हटलं की ते निम्मं 'हो' असतं. त्यामुळे मी वाद घातला नाही. ब्राह्मणपाऱ्यातल्या भार्गवगुरुजींना बोलावलं. गुरुजींनी यादी दिली, त्यात सात धान्यं होती, पंचरत्नं होती आणि शेवाळ होतं. नत्थूच्या ओलाव्याविरुद्धच्या त्या किल्ल्यात पुरायला शेवाळ कुठून आणायचं, हा प्रश्न पडला. ते गुरुजींनीच बुढा तालाबातून आणलं.

शांतीच्या दिवशी मे महिना तापलेला होता आणि कॉलनीचे नळ आठवडाभर कोरडे होते. वर पाहुणे घामाघूम झाले, खाली तळघर मात्र गार. म्हणून सगळे खाली उतरले. बाबा एकच पिशवी घेऊन आले होते आणि खिशात परतीचा पास होता. वरून खाली येऊन त्यांनी फरशीवर बूट घासून पाहिला, भिंतीवर बोट ओढलं आणि "हं" म्हणाले. मला दहावीचा निकाल लागल्यावर जसं वाटलं होतं तसं वाटलं. दिवाकरची गादी, त्याची पुस्तकं आणि मच्छरदाणी सकाळीच खाली आणून ठेवली होती.

होम झाला. मग गुरुजी म्हणाले, "आग्नेय कोपरा?"

जमिनीखाली दिशा कळत नाहीत, हे मला त्या दिवशी समजलं. दिवाकरने एक कोपरा दाखवला, यशवंतरावांनी दुसरा. दोघं वर जाऊन सूर्य पाहून आले आणि खाली येईपर्यंत पुन्हा विसरले. अखेर यशवंतरावांचा कोपरा ठरला, कारण त्यांचं घराणं जुनं.

"खणा," गुरुजी म्हणाले.

नत्थू माझ्याकडे पाहू लागला. मी गुरुजींकडे. "गुरुजी, वरच्यावर ठेवला तर?"

"वास्तुपुरुष पुरायचा असतो. हातभर खोल. पालथा."

"काहून थांबून राहिला?" बाबा मागून म्हणाले. "मुहूर्त टळून राहिला ना!"

तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. तिथे जमलेल्यांत एक विमावाला होता, एक बांधकामाला मंजुरी देणारा अधिकारी होता, एक मिस्त्री होता. तिघांनाही वॉटरप्रूफिंग कशाशी खातात हे ठाऊक होतं. पण वास्तुशांतीच्या दिवशी आमच्याकडे कोणी शिकलेला राहत नाही. नत्थूने पहार उचलली आणि स्वतःच्या हाताने घातलेली फरशी, सिमेंट, जाळी आणि डांबर ओळीने फोडलं.

गुरुजींनी खड्ड्यात धान्यं टाकली, फुलं टाकली, शेवाळ टाकलं. मग तांब्याभर पाणी ओतलं. "पाणी टिकलं तर वास्तू शुभ," ते म्हणाले. आम्ही सगळे वाकून पाहू लागलो.

पाणी टिकलं.

"टिकलं!" कुसुमने हात जोडले. बाबांनी मान डोलावली. माझा ऊर भरून आला. गुरुजींनी पेटीतला वास्तुपुरुष पालथा ठेवला, मंत्र म्हटले आणि पुन्हा पाहिलं तर खड्डा काठोकाठ भरलेला. "वाढलं!" एक बाई म्हणाल्या. "समृद्धी आहे," गुरुजी म्हणाले. बायकांनी खड्ड्याला हळदकुंकू वाहिलं. हळदकुंकू तरंगत फरशीवर आलं, फरशीवरून दिवाकरच्या गादीखाली गेलं, आणि तेव्हा कुठे गुरुजींनी धोतर वर खोचलं.

पुढच्या काही वेळाचं वर्णन मी करत नाही. एकाच अरुंद जिन्यावरून अख्खी कॉलनी एकदम वर चढायला लागली, तेवढं सांगितलं तरी पुरे. मी वर आलो तेव्हा माझ्या एका पायात यशवंतरावांची चप्पल होती.

"इथं तलाव होता," यशवंतराव अंगणात पाय पुसत म्हणाले. "बुजवून कॉलनी केली. माह्या आज्याच्या म्हशी इथंच डुंबत होत्या."

"मग तेव्हाच सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही मजबूत आहे का ते पाहायले बोलावलं होतं. म्हशीचं कोणी इचारलं नाही."

नत्थूकडे वळलो तर तो म्हणाला, "भैया, मैं तो बाहर के पानी का गारंटी दिए रहेंव. ये तो भीतर से निकला." गुरुजींना विचारलं, भोक बुजवू का? ते म्हणाले, स्थापना झालेली आहे, वास्तुपुरुषाला आता हलवता येणार नाही आणि कोंडताही येणार नाही. माझ्या ऑफिसातला एक मित्र जेवायला आला होता. तो म्हणाला, "आग लागली असती तर काहीतरी देता आलं असतं रे."  ओली मच्छरदाणी खांद्यावर टाकून दिवाकर मागच्या खोलीत गेला आणि त्याने आतून कडी लावली.

मी बाबांकडे पाहायचं टाळत होतो. संध्याकाळची गाडी होती. खोली गेली होती. न्हाणीघर, दूधवाला आणि फोन हे सगळं पुन्हा माझ्यापुढे उभं राहिलं आणि मला खरोखर रडू आलं. जमलेल्यांना ते गादीसाठी आहे असं वाटलं.

तेवढ्यात कॉलनीतल्या अंजनाबाई बादली घेऊन आल्या. "भैया, नल तो सूखा है. कूलर के लिए दो बाल्टी ले लूँ?" त्यांच्या मागे आणखी बादल्या होत्या. आठवडाभर नळ नाही आणि माझ्या घरात गुडघाभर गार, नितळ पाणी. मी नाही म्हणण्याआधीच अंजनाबाई जिन्यावर होत्या, त्यांच्यामागून दुसऱ्या, आणि खालून भरलेली बादली घेऊन नत्थू वर येत होता. मधल्या पायरीवर तिघांची गाठ पडली. कोणालाच मागे हटता येईना. बादली सांडली, आरडाओरडा झाला.

"थांबा!" बाबा ओरडले.

हा आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. ते जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. त्यांनी खाली पाहिलं, वर पाहिलं.

"हा सिंगल लाईन आहे," ते म्हणाले. "दोन्हीकडून गाड्या सोडल्या तं टक्कर होईन नाही तं काय होईन? कुसुम, काहीतरी गोल दे. लोखंडी."

कुसुमने घाईत पुरणयंत्राची चकती आणून दिली. बाबांनी तिला सुतळी बांधली. "हे टोकन. ज्याच्या हातात टोकन, तोच खाली जाईन. वर आला का माह्या हातात देईन. मंग दुसरा. टोकन नाही तं लाईन बंद. समजलं का?"

सगळ्यांना समजलं. राजधानीत त्या उन्हाळ्यात इतक्या शिस्तीने चाललेलं दुसरं काम माझ्या पाहण्यात नव्हतं. बाबा खुर्ची टाकून बसले. चकती जायची, यायची. गाडीची वेळ जवळ आली तेव्हा मी हळूच म्हणालो, "बाबा, स्टेशनवर निघायचं का?"

"लाईन चालू असताना गार्ड निघून जाते का?" ते माझ्याकडे न पाहता म्हणाले.

ते त्या दिवशी गेले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. त्यांनी आपली पथारी हॉलमध्ये दिवाणावर टाकली, कारण तिथून तळघराचं दार दिसत होतं. सकाळी उजाडता उजाडता रांग लागायची. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसायचे. लहान मूल बरोबर असलं तर आधी सोडायचे. घाई करणाऱ्याला मागे पाठवायचे. आमचा अंगठेबहाद्दर दूधवालाही टोकन घेऊन खाली जाऊ लागला. पाणी तो नक्की कशासाठी नेतो हे मी विचारलं नाही. कुसुमची एकच तक्रार होती, की चकती नसल्यामुळे घरात पुरणपोळी बंद झाली. दिवाकरलाही आंघोळीचं पाणी हवं असेल तर रांगेत उभं राहावं लागे. तिथे त्याच्या हुद्द्याचा काही उपयोग झाला नाही.

मग पावसाळा लागला. दिवाकरला क्वार्टर मिळालं. त्याने जाताना माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "भाऊजी, तलघर वाली फाइल मैंने बंद कर दी है." मागची खोली रिकामी झाली, खिडकी, कडुलिंब, कडी, सगळ्यांसकट. आणि कॉलनीच्या नळांना धो धो पाणी आलं.

रांग आटली. एक दिवस दोघी आल्या, एक दिवस कोणीच नाही. बाबा शर्ट घालून बसायचे. चकती मांडीवर. दुपारी ते उठले आणि कोपऱ्यातली पिशवी झटकू लागले.

"लाईन बंद झाली," ते म्हणाले. "उद्याच्या गाडीनं निघतो मी."

"बाबा, खोली आहे ना आता. कडी आहे."

"कडी लावून आत काय करू?"

 मला बाबा जायला नको होते. मला ते हवे होते, रोज सकाळी त्या खुर्चीत, मला सुद्धा रांगेत उभं करणारे. हे त्यांना तोंडावर सांगायची आमच्या घरात पद्धत नाही. आमच्या घरात गाडीची वेळ विचारतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवीची नाडी बांधत असताना मी फाटकाजवळ गेलो आणि मीटरशेजारची नळाची मुख्य चावी फिरवून घट्ट बंद केली. आपल्या घरचा नळ बंद करण्याचा हक्क घरमालकाला आहे. वळून पाहिलं तर कुसुम ओट्यावर उभी. तिने सगळं पाहिलं होतं. ती आत गेली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, नळाला थेंब नाही हो आज!"

बाबांचे हात नाडीवरच थांबले. "काहून? काल तं होतं."

"मेन लाईन फुटली म्हणतात," मी म्हणालो आणि बादली आणायला गेलो. दुसऱ्यांचे खोटे दावे जन्मभर तपासल्यामुळे माझा हा पहिलाच दावा फार कच्चा होता. पण तो कोणी तपासला नाही. मी बादली घेऊन आलो तेव्हा जिन्याशी यशवंतराव उभे होते. हातात रिकामी बादली, नुकतीच आंघोळ झालेली, मिशीवरून पाणी गळतंय. भिंतीपलीकडे त्यांच्या अंगणात नळाची धार हौदात पडत असल्याचा आवाज स्वच्छ येत होता.

"आमचाही गेला बाप्पा नळ," ते म्हणाले. त्यांच्या मागे अंजनाबाई येऊन उभ्या राहिल्या. मग आणखी कोणी.

बाबांनी रांगेकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं, जिथून तो धारेचा आवाज येत होता.  मग त्यांनी खिळ्यावरची चकती काढली आणि खुर्ची ओढली. ती संधी साधून मी सरळ पुढे होऊन हात केला.

"तू कुठं घुसून राहिला?" बाबा कडाडले. "यशवंतराव आधी आले, दिसत नाही का? घर तुहं असंन. लाईन माही आहे."

मी यशवंतरावांच्या मागे जाऊन उभा राहिलो.